बाबालाल मिस्त्री आणि खुर्चीतला साहेब

बाबालाल मिस्त्री रोज सकाळी आठाच्या भोंग्याला रिकाम्या खुर्चीला सलाम करायचे.

मी थट्टा करत नाही. आमच्या तेलगिरणीत मॅनेजरची खोली इंजिनघराच्या वाटेवर होती. मिस्त्री तिच्या दारात थांबायचे, चपला बाजूला सारायचे आणि आत डोकवायचे. खुर्चीत मॅनेजर असला तर सलाम, नसला तरी सलाम. आणि तोच मॅनेजर घटकाभराने आवारात शेंगांच्या पोत्यावर बसलेला दिसला, तर मिस्त्री त्याच्या शेजारून असे जायचे की जणू तिथे नुसतं पोतंच आहे.

"अहो मिस्त्री, साहेब बसलेत तिथं," मी एकदा मागून ओरडलो.

"कुठं हाय साहेब?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "साहेब खुर्चीत असतो, भाऊसाहेब. पोत्यात शेंगा असत्यात. जिथल्या तिथं!"

'जिथल्या तिथं' हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून चाळीस वेळा यायचा. इंजिनघराच्या भिंतीवर त्यांनी प्रत्येक पान्ह्याची आकृती डांबराने काढून ठेवली होती. पान्हा आपल्या आकृतीवरच टांगलेला पाहिजे. तेलाची बुधली, चिंध्यांचा डबा, पाण्याचं मडकं, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. त्याच यादीत मॅनेजरही होता. मॅनेजरची आकृती कुणी भिंतीवर काढली नव्हती एवढंच.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती. गिरणी शिरूरला. गावाला आम्ही सगळे घोडनदीच म्हणायचो. मी गिरणीत कारकून होतो, बावीस वर्षांचा, नुकताच एका समाजवादी शिबिराला जाऊन आलेला आणि जगावर रागावलेला. मिस्त्री पंचावन्नच्या पुढचे. मूळचे न्हावऱ्याचे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलती लेक राहू गावात दिलेली. गावात मशिदीमागच्या एका खोलीत राहायचे. अंगात खाकी शर्ट. त्यावरचे तेलाचे डाग इतके जुने की मूळ कापड कुठलं आणि डाग कुठला हे सांगता आलं नसतं.

त्यांचा तो सलाम बघून माझं डोकं फिरायचं. "मिस्त्री, इंग्रज गेले. आता कुणी कुणाचा साहेब नाही. ही गुलामी सोडा."

"कुठली गुलामी?"

"ही. खुर्चीला वाकायची."

मग ते त्यांची दौंडची गोष्ट सांगायचे. तरुणपणी ते दौंडला एका कारखान्यात गोऱ्या साहेबाच्या हाताखाली होते. "अकरा वर्सं काम केलं. त्यानं माझं नाव न्हाई इचारलं कवा. पर मी हात वर केला का इंजन बंद! का, कशापायी, एक शबूद न्हाई. मिस्त्री म्हनतोय बंद, म्हंजी बंद."

"पण अकरा वर्षांत नाव विचारलं नाही, याचा राग नाही आला?"

"नाव माझ्या आईनं ठेवलंय. त्याचं काय काम?"

असल्या माणसाशी काय वाद घालायचा? मी तणतणत जागेवर यायचो.

आणि मग मोहोळकर आले.

श्रीधर मोहोळकर, वय सव्वीस, पुण्याचे, पदवीधर. गिरणीचे मालक शेठ पुण्यातच राहायचे. आधीच्या मॅनेजरच्या जागी त्यांनी या मुलाला घोडनदीला पाठवलं. मोहोळकर कुठलंसं व्याख्यान ऐकून आले होते आणि ते व्याख्यान त्यांच्या अंगात भिनलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हमाल, तेली, शेंगा निवडणाऱ्या बाया, सगळ्यांना आवारात गोळा केलं आणि सांगितलं, "ही गिरणी नाही, हे कुटुंब आहे. मला साहेब म्हणू नका. श्रीधर म्हणा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बिरूने विचारलं, "मग रजा कुनाकडं मागायची? श्रीधरकडं का साहेबाकडं?"

बिरू धनगराचा. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. आता वरवंडकडे थोडी जमीन होती, ती भाऊ बघायचा आणि हा इंजिनघरात मिस्त्रींच्या हाताखाली काम करायचा. त्याने प्रश्न अगदी मनापासून विचारला होता. मोहोळकर मात्र पोट धरून हसले. मीही हसलो. मला वाटलं, आला, आपला माणूस आला.

दुपारच्या सुट्टीत मोहोळकर कामगारांत जेवायला बसू लागले. याच्या फडक्यातली चतकोर भाकरी, तिच्या डब्यातला ठेचा. सगळ्यांच्या पोराबाळांची नावं त्यांना आठ दिवसांत पाठ झाली. बिरूच्या मुलीच्या बारशाला ते सायकल मारत गेले. मला तर भरून आलं.

मिस्त्री मात्र संतापाने लाल झाले होते. सुट्टी झाली की ते भाकरी घेऊन इंजिनघरात जायचे आणि आतून दार लोटून घ्यायचे.

"काय बिघडलं हो तुमचं?" मी विचारलं. "बिचारा प्रेमानं येऊन बसतो."

"भाऊसाहेब, त्या बायांकडं बघा जरा. काय दिसतंय?"

मी बघितलं. पंधरा बाया मुकाट्याने जेवत होत्या.

"आधी ह्या बाया जेवताना काय करायच्या?"

मी आठवून बघितलं. आधी बाया जेवताना मॅनेजरला शिव्या घालायच्या. त्याच्या चालण्याची नक्कल करायच्या, हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

"गरिबाला दिसातनं आर्धा घंटा मिळतो साहेबाच्या नावानं बोटं मोडायला," मिस्त्री कडाडले. "त्यो बी ह्यानं खाल्ला! भाकरीसंगट खाल्ला! आता त्यांनी जेवायचं कवा आन् बोलायचं कवा?"

मला हे कधीच सुचलं नव्हतं. पण बावीस वर्षांच्या माणसाला न सुचलेली गोष्ट खरी असूच शकत नाही. मी म्हणालो, "तुमचं मन जुनं आहे."

खरा स्फोट 'चाचा' या शब्दावरून झाला. मोहोळकर एकदा इंजिनघरात शिरले आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय चाचा, आमच्यात जेवायला का येत नाही?"

मिस्त्रींनी तो हात खांद्यावरून उचलला. पान्हा उचलावा तसा. "साहेब, मी तुमचा चाचा कवापासनं? तुमचं वालिद आन् मी कवा एका ताटात जेवलो?"

"अहो, प्रेमानं म्हणतो."

"प्रेमानं म्हना का रागानं म्हना, मिस्त्री म्हना. मी मिस्त्री हाय, ते मी शिकून झालोय. चाचा व्हायाला काय शिकावं लागतंय?"

मोहोळकरांचा चेहरा उतरला. ते मनाने खरंच चांगले होते. हे लिहिणं मला आजही जड जातं, तरी लिहितो. माणूस चांगला होता. त्याच्या चांगुलपणाचाच तर मला राग आहे.

दिवाळीनंतर शेंगांचा हंगाम सुरू झाला. गिरणीला उसंत नव्हती. एका सकाळी मिस्त्रींनी अचानक इंजिन बंद केलं. सगळी गिरणी एकदम गप्प झाली. मोहोळकर धावत आले, त्यांच्या मागे मी.

"काय झालं, चाचा?"

"पट्टा गेलाय. शिवण उसवली." मिस्त्रींनी इंजिनाचा मोठा पट्टा हातात धरून दाखवला. जोडाजवळचे दोरे सुटून लोंबत होते. "दौंडला जाऊन नवा आनतो. चढवायला उद्याची दुपार व्हईल."

"उद्याची दुपार! परवा सकाळी दौंडच्या स्टेशनात तेलाचे डबे चढले पाहिजेत. शेठजींनी शब्द दिलाय." मोहोळकर जवळ आले. आवाज मऊ झाला. "चाचा, आजचा दिवस तेवढा काढा. माझ्यासाठी."

"हुकूम हाय का?"

"हुकूम कसला? विनंती आहे."

"मग न्हाई." मिस्त्रींनी खिडकीतली इंजिनाची वही उचलून पुढे केली. कधी चालू केलं, कधी बंद केलं, हे तिच्यात रोज लिहायचं असे. "हुकूम आसंल तर हितं लिवा, खाली सही करा. मग बघू."

"इतके दिवस आपण एका कुटुंबासारखे राहतोय आणि तुम्ही मला वही दाखवता?"

"जिथल्या तिथं, साहेब," एवढंच मिस्त्री म्हणाले. हात पुसून एस.टी. गाठायला निघाले.

आणि मी काय केलं? मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, त्या माणसाच्या शब्दाचा मान ठेवला असता तर काय झालं असतं?" त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चालू लागले. ते बघणं मला अजून आठवतं.

मिस्त्रींची गाडी गेली असेल नसेल, मोहोळकर बिरूकडे गेले. मी तिथेच डबे मोजत उभा होतो. त्यांनी बिरूच्या पाठीवर हात ठेवला. "बिरू, तुला येतं ना इंजिन चालवता? हळूहळू चालवू. एवढी माझी अडचण काढ."

बिरूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"तुमी म्हनताय तर चालवतो," बिरू म्हणाला. जाता जाता माझ्याजवळ पुटपुटला, "आपला मानूस मागतोय भाऊसाहेब. न्हाई कसं म्हनायचं?"

दोन तासांनी पट्टा तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. आम्ही आत गेलो तर बिरू भिंतीशी बसला होता आणि त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. तो ओरडतही नव्हता. गिरणीच्या ट्रकमधून त्याला पुण्याला नेलं. हात राहिला, पण कोपर पुन्हा कधी सरळ झालं नाही.

संध्याकाळच्या गाडीने मिस्त्री नवा पट्टा खांद्यावर घेऊन आले. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पट्टा खाली ठेवला, बादलीभर पाणी आणलं आणि इंजिनघराची फरशी स्वतः धुतली. मी फडकं घेऊन पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्यानंतर माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. मॅनेजरच्या खोलीत आम्हाला बोलावलं. मोहोळकर, मिस्त्री आणि मी.

"इंजिन चालवायचा हुकूम कुणी दिला?" शेठनी विचारलं.

मोहोळकरांनी घसा साफ केला. "हुकूम असा कुणी दिला नव्हता, शेठजी. मी फक्त विनंती केली होती. त्या मजुरानं ते आपणहून चालवलं."

आपणहून! आज इतकी वर्षं झाली, तो शब्द ऐकला की माझ्या कानशिलात आग उठते. ज्याच्या फडक्यातली भाकरी खाल्ली, ज्याच्या मुलीला मांडीवर घेऊन पाळण्यात घातलं, तो 'तो मजूर'! आणि खोटंही नव्हतं हो त्यात. खरोखरच विनंती होती, हुकूम नव्हता. हुकूम असता तर बिरूला म्हणता आलं असतं की मिस्त्री नाहीत, मी चालवणार नाही. साहेबाला नाही म्हणायची रीत असते. पान्हा खाली ठेवायचा, कायद्याचं बोलायचं, फार तर नोकरी जाते. पण शेजारी बसून जेवणाऱ्याला, पाठीवर हात ठेवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं होतं? मला तरी कुठे येत होतं?

"मग आपण काय करणार?" शेठ म्हणाले. "मिस्त्री नसताना इंजिनाला हात लावला. नियम मोडला. त्याचं नाव काढून टाका."

मी बोललो नाही. मी, शिबिराला जाऊन आलेला, बोललो नाही.

मिस्त्री बोलले. "शेठजी, दोन दिस थांबा. वही पुरी व्हायाची हाय."

शेठना काही कळलं नाही, पण ते थांबायला तयार झाले.

त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवरच, मिस्त्री वही बगलेत मारून माझ्यापाशी आले. "भाऊसाहेब, टाक आन् दौत घ्या. साहेबाच्या घरी जायचंय."

मोहोळकरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चाचा! या, बसा ना."

"बसत न्हाई."

"माझ्यावर रागावलात."

"व्हय."

मोहोळकर म्हणाले, "मी सगळं चांगल्या मनानं केलं हो."

"मन चांगलंच हाय. म्हनून तर आलो. वंगाळ मानसाच्या दारात कशाला आलो असतो?" मिस्त्रींनी वही टेबलावर ठेवली. "बिरूच्या लेकीचं नाव काय?"

"सगुणा."

"तिचं नाव तुमाला ठावं. मग तिच्या बापाचं नाव शेठपुढं का न्हाई घेतलं?"

मिस्त्रींनी त्या दिवसाचं पान काढलं. वर मिस्त्रींच्याच अक्षरात आकडा होता, सकाळी इंजिन बंद केल्याचा. खाली कोरं.

"हितं लिवा. इंजन चालवायला मी सांगितलं."

"नोकरी जाईल माझी, चाचा."

"जाईल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी त्यात काही मऊपणा आणला नाही. "तुमी शिकल्यालं हाय. तुमाला दुसरी मिळंल. बिरूला दुसरा हात न्हाई मिळायचा. तीन म्हैनं झालं, तुमी समद्यांचं भाऊ झालात, दोस्त झालात, मला चाचा केलंत. आज एक दिस साहेब व्हा. साहेबाचं काम एवढंच असतंय. जवा वाईट घडतं तवा म्हनायचं, मी सांगितलं व्हतं."

मी टाक पुढे केला. त्यांनी तो घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग मोहोळकरांनी लिहिलं. 'पट्टा नादुरुस्त असल्याचे मिस्त्रींनी सांगितले असताना इंजिन चालवण्याचा हुकूम मी बिरू यास दिला.' खाली पूर्ण सही केली. मिस्त्रींना लिहायला आकड्यांपुरतं यायचं. त्यांनी मला ओळ दोनदा वाचायला लावली, शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले.

वही शेठपुढे गेली आणि पंधरा दिवसांत मोहोळकरांना जावं लागलं. बिरू राहिला. उपचार गिरणीने केले आणि पुढे तो फाटकावर बसू लागला. एस.टी. स्टँडवर मोहोळकरांना निरोप द्यायला त्यांच्या त्या गिरणीच्या 'कुटुंबा'तलं कुणी आलं नाही. मी होतो आणि धुतलेला शर्ट घालून मिस्त्री होते. त्यांनी ट्रंक टपावर चढवून दिली, दोरी आवळली, ओढून बघितली आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून चालू लागले.

नवे मॅनेजर आले ते पन्नाशीचे, कडक, कुणाचं नाव न विचारणारे. आवारात कधी उतरायचे नाहीत. बायांचा अर्धा तास परत मिळाला, नव्या साहेबाच्या चालण्याची नक्कल सुरू झाली. मिस्त्रींनी हात वर केला की इंजिन बंद. त्यांनी खूश असायला हवं होतं. पण ते चिडचिडे झाले होते. चहा कडू लागायचा, एस.टी. उशिरा यायची, नवा पट्टा पहिल्यासारखा नव्हता.

वर्षभराने गिरणीच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. बाबालाल मिस्त्री यांस. मी ते इंजिनघरात नेऊन वाचून दाखवलं. मोहोळकर मिरजेला एका कारखान्यात लागले होते. 'इथे माझ्या हाताखाली कुणी नाही, मीच सगळ्यांच्या हाताखाली आहे. खानावळीत जेवतो. बिरूचा हात कसा आहे?' एवढाच मजकूर.

मिस्त्रींनी हातातला पान्हा भिंतीवरच्या आकृतीवर टांगला. मग म्हणाले, "जबाब लिवा."

मी कोरं कार्ड घेतलं. "मायना काय घालू? श्रीमान मोहोळकरसाहेब यांस?"

"न्हाई. चिरंजीव लिवा."

मी मान वर केली.

"चिरंजीव श्रीधर. लिवा की! बिरू बरा हाय. सगुणा चालाया लागली. तू येळेवर जेवतोस का? खानावळीच्या डाळीत सोडा घालत्यात, पोट बिघडतं."

"मिस्त्री, 'तू' लिहू?"

"मग? चिरंजीवाला कुनी अहो-जाहो करतं का?" ते माझ्यावरच खेकसले.

मी लिहीत गेलो. थंडीचं पांघरूण घे. कुणी इंजिन चालवायला सांगितलं तर आधी पट्टा बघ. त्यांचं संपलं तेव्हा कार्डावर थोडी जागा शिल्लक होती, हे मी सांगितलं. त्यांनी चिंधीने हात पुसले, पुन्हा पुसले. बाहेर बाया कशावरून तरी खिदळत होत्या.

"लिवा," ते म्हणाले, "ईदला ये. घरी मी एकलाच असतो."